चौथी बॅट

भाताची कापणी-झोडणी उरकली, की पालघर जिल्ह्यातल्या कितीतरी शेतांना दुसरं काम लागतं. ढेकळं फोडली जातात, मधली पट्टी चोपून टणक केली जाते, चारी बाजूंनी चुन्याची रेघ येते आणि पावसाच्या तोंडापर्यंत तिथे टेनिस क्रिकेट चालतं. माहीम-केळव्यापासून सातपाटी, चिंचणीपर्यंतची किनाऱ्याची गावं असोत की बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले पाडे, मंडळांच्या चषकस्पर्धा सगळीकडे. सहा-आठ षटकांचे सामने, कर्ण्यावरचं समालोचन, युट्यूबवर थेट प्रक्षेपण, मालिकावीराला दुचाकी. मार्च २०२४मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली आणि गावच्या टेनिस बॉलवाल्या पोरांसाठी टीव्हीचा पडदाही उघडला. या सगळ्या धामधुमीत मैदानाच्या कडेला पडलेल्या किट बॅगा नीट पाहाव्यात. एकेका फलंदाजाकडे तीन-तीन, चार-चार बॅटी. एक गेल्या हंगामातली, एक मित्राकडून बदली घेतलेली, एक भिवंडीच्या की वसईच्या कुणा खेळाडूनं वापरली म्हणून मागवलेली, आणि एक परवाच घेतलेली, जिच्या पात्यावरचं स्टिकर अजून चकचकीत आहे. तीन सामने लागोपाठ स्वस्तात बाद झालं, की पाचवीची चौकशी सुरू होते. या बॅटबदलीनं खेळ खरंच सुधारतो का, आणि सुधारत नसेल तर शेकडो शहाण्यासुरत्या माणसांना तो सुधारल्यासारखा का वाटतो, हा या लेखाचा विषय आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. टेनिस क्रिकेटची बॅट ही लेदरच्या बॅटची धाकटी बहीण म्हणून खपत असली, तरी घडण वेगळी. लाकूड बहुधा काश्मीर विलोचं. अनंतनाग जिल्ह्यात, श्रीनगर-जम्मू महामार्गावरच्या संगम-हलमुल्ला परिसरात रस्त्याच्या दुतर्फा या लाकडाच्या फोडी रचून वाळत घातलेल्या दिसतात. तिथून बॅटी आणि अर्धवट घडवलेलं लाकूड देशभर जातं. इंग्लिश विलो हलकं आणि मऊ असतं. त्याला जवसाचं तेल पाजून, लाकडी हातोडीनं तासन् तास ठोकून लेदर चेंडूसाठी तयार करावं लागतं. काश्मीर विलो जरा जड आणि टणक असतं. टेनिसच्या चेंडूला ते पुरतं, ठोकण्याची कटकटही वाचते. वजन आटोक्यात राहावं म्हणून पाठीमागून लाकूड कोरून काढतात. तीच स्कूप बॅट. पाठ पोकळ, कडा मात्र जाड, खालचा भाग भरलेला. दुकानात ही बॅट निवडण्याचा एक ठरलेला विधी आहे. गिऱ्हाईक पात्यावर चेंडू टपटप उडवून बघतो, कान लावतो, रेषा मोजतो, मग दोन्ही हातांनी हवेत एक फटका मारतो आणि ‘स्ट्रोक आहे’ किंवा ‘मेलेली आहे’ असा निकाल देतो. दुकानदार मान डोलावतो. हजार-दीड हजारांपासून चार-पाच हजारांपर्यंत असा हा निकाल पडतो. कारखान्यात कंत्राटी पगारावर राबणाऱ्या पोराला ही रक्कम किरकोळ नाही.

यावर ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण तोंडावर येते, आणि गावातली जुनी मंडळी ती ऐकवतातही. पण ती इथे अन्याय करते. बॅट बदलणारा खेळाडू सबब शोधत नसतो. त्याच्यापाशी पुरावा असतो, निदान त्याला तसं वाटतं. जुन्या बॅटनं तीन सामन्यांत मिळून बारा धावा झाल्या, नवीनं दुसऱ्याच सामन्यात चाळीस. हे त्यानं स्वतः अनुभवलेलं, संघातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. असा अनुभव एकाचा नसतो, दर हंगामात दर संघात दोघा-तिघांना तो येतो. तेव्हा हा सगळा भ्रम आहे असं म्हणायचं, तर हा भ्रम इतक्या नियमितपणे कसा काय तयार होतो, हे सांगायला हवं. ते सांगता येतं, आणि त्यासाठी लाकडाबद्दल काहीही माहीत असण्याची गरज नाही. साधा हिशोब पुरतो.

समजा, एक फलंदाज आहे. त्याचं तंत्र, नजर, ताकद आणि बॅट यांत हंगामभर काडीचा फरक पडत नाही. दहा डावांपैकी चार डावांत तो चालतो, सहा डावांत लवकर परततो. सहा षटकांच्या सामन्यात पहिल्या चेंडूपासून बॅट फिरवायची असते, त्यामुळे चांगल्या खेळाडूचंही प्रमाण याहून फार बरं नसतं. अशा फलंदाजानं हंगामात वीस डाव खेळले, तर त्यांत कुठे ना कुठे सलग तीन अपयशं येण्याची शक्यता शंभरात नव्वदाहून जास्त निघते. म्हणजे ‘बॅट बसली’ असं वाटायला लावणारा पट्टा जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येणारच आहे, काहीही बिघडलेलं नसताना. त्या पट्ट्याच्या शेवटी तो नवी बॅट घेतो. पहिल्याच डावात ती चालण्याची शक्यता ४० टक्के. पहिल्या दोन डावांत एकदा तरी चालण्याची ६४ टक्के. तीन डावांत एकदा तरी चालण्याची ७८ टक्क्यांच्या वर. म्हणजे पाचांतल्या जवळजवळ चार नव्या बॅटी पहिल्या तीन सामन्यांच्या आत ‘लागतात’, आणि आपण तर सुरुवातीलाच मानून चाललो आहोत की नव्या बॅटनं काहीएक केलेलं नाही. आणखी थोडे सामने गेले, की तिच्याही नशिबी तीन अपयशांचा पट्टा येतो. मग ती मेली असं ठरतं आणि पुढची येते.

इथली मेख बदलण्याच्या वेळेत आहे. चालत्या बॅटला कोणी हात लावत नाही. बदल नेहमी तळाला पोहोचल्यावर होतो, आणि तळानंतर वर येणं हे चढउताराच्या स्वभावातच असतं. ताप उतरायच्या दिवशी ज्या वैद्याकडे गेलो तो धन्वंतरी ठरतो, तसंच हे. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या नोंदी तपासताना ते मांडलं. २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा किस्सा लिहून ठेवला आहे. त्या प्रशिक्षकांचा ठाम अनुभव असा, की उत्तम कसरतीबद्दल शाबासकी दिली की पुढची कसरत बिघडते आणि वाईट कसरतीबद्दल खडसावलं की पुढची सुधारते. अनुभव खरा होता, पण त्याचं कारण ओरडणं हे नव्हतं. अतिशय चांगल्या किंवा अतिशय वाईट कामगिरीनंतरची कामगिरी बहुतेक वेळा मधल्या पातळीला येतेच. प्रशिक्षकाचं ओरडणं आणि फलंदाजाची नवी बॅट या दोन्ही गोष्टी नेमक्या त्या वळणावर उभ्या असतात, म्हणून श्रेय घेऊन जातात.

आता लाकडाकडे वळू, कारण ‘हे आकडेमोडीचं ठीक, पण चांगल्या बॅटनं चेंडू लांब जातो की नाही?’ हा प्रश्न राहतोच. जातो, पण किती? आंतरराष्ट्रीय नियमांनुसार टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो, तर क्रिकेटचा लेदर चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा. आपल्याकडच्या स्पर्धांत जो हेवी टेनिस बॉल वापरतात, तो या दोहोंच्या मधला. चेंडू बॅटच्या मानानं जितका हलका, तितका बॅटच्या वजनाचा प्रभाव कमी, हे टकरीचं गणित आहे. किलोभराची बॅट टाकून १०० ग्रॅमनं जड बॅट घेतली आणि ती तेवढ्याच वेगानं फिरवली, तर साध्या टेनिस चेंडूचा वेग ढोबळमानानं एक टक्क्याच्या आत वाढतो. लेदर चेंडूला हाच फायदा दीड-दोन टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. साठ मीटरच्या फटक्यात एक टक्का म्हणजे मीटरभर. तोही केव्हा, तर जड बॅट तेवढ्याच वेगानं फिरली तर. ती तशी फिरत नाही. बॅटचा वेग एका टक्क्यानं मंदावला, की कमावलेला मीटर परत गेला. हलकी बॅट घेतली तर गणित उलटं, निष्कर्ष तोच. या दोन्हींच्या तुलनेत चेंडू पात्याच्या मधोमध न लागता बोटभर कडेकडे लागला, तर फरक कितीतरी मोठा: बॅट हातात वळते, फटक्यातला जीव जातो आणि सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक खूश होतो. बॅट बदलून मिळणारा फरक आणि चेंडू मधोमध लागल्यानं मिळणारा फरक, या दोन वेगळ्या मापांच्या गोष्टी आहेत.

चेंडूकडे तर कोणी बघतच नाही. नियमाप्रमाणे टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून टणक जमिनीवर सोडला, तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे जवळजवळ निम्मी ऊर्जा चेंडूच्या रबरातच विरते. ती बॅटनं खाल्लेली नसते. लव झिजलेला, उन्हात तापलेला, दवानं भिजलेला, वेगळ्या कंपनीचा, दहा-पंधरा ग्रॅमनं जड असे चेंडू स्पर्धेगणिक बदलतात, आणि सकाळच्या सामन्यातला चेंडू संध्याकाळच्या चेंडूसारखा वागत नाही. पण केळव्यात उडालेला फटका चिंचणीत हातात बसला, की आरोपी म्हणून बॅटच उभी केली जाते.

पहिला गंभीर आक्षेप असा, की साधनं महत्त्वाची नसती तर नियमकर्त्यांनी त्यांना लगाम का घातला असता? मेरीलबोन क्रिकेट क्लबनं १ ऑक्टोबर २०१७पासून बॅटच्या पात्याची जाडी ६७ मिलिमीटर आणि कडेची जाडी ४० मिलिमीटरवर रोखली. रुंदीची १०८ मिलिमीटरची मर्यादा तर जुनीच. गोल्फमध्ये हा झगडा आणखी जुना आहे. तो खेळ आपल्याकडे मोजक्यांचा, चेंबूरच्या किंवा महालक्ष्मीजवळच्या क्लबांच्या कुंपणाआडचा, पण साधनबदलीचा रोग तिथे सगळ्यांत वाढलेला असल्यामुळे त्याचा अभ्यासही तिथेच जास्त झाला. १९३०च्या दशकात काही खेळाडू पंचवीस-तीस दांडे घेऊन मैदानात उतरू लागले, तेव्हा अमेरिकन संघटनेनं १९३८ साली एका फेरीत चौदाच दांड्यांचा नियम केला आणि पुढच्या वर्षी ब्रिटिशांनी तो उचलला. पुढे दांड्यांना टायटॅनियमची पोकळ डोकी आली आणि चेंडू इतका लांब जाऊ लागला, की डोक्याचा आकार ४६० घनसेंटिमीटरवर आणि त्याची उसळवण्याची ताकदही एका मर्यादेवर थांबवावी लागली. तेव्हा तंत्रज्ञानानं फरक पडतो, यात वाद नाही. पण हा फरक पिढ्यांमधला आहे. लाकडी डोकं सोडून टायटॅनियमचं घेणं आणि गेल्या वर्षीचं टायटॅनियम टाकून यंदाचं घेणं, यांत अंतर आहे. मर्यादा घातल्यावर तर सगळे उत्पादक त्याच कुंपणाला खेटून उभे राहतात आणि दोन मॉडेलांमधला फरक चिमूटभर उरतो. किट बॅगेतली तिसरी आणि चौथी स्कूप बॅट याच चिमटीतल्या आहेत. शिवाय पिढीचा फायदा सगळ्यांना मिळतो. समोरच्या संघाकडेही जाड कडांच्या बॅटी आहेतच.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. तो म्हणजे मापाचा. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात मोठ्या भावाची जड बॅट असेल, तर ती बदललीच पाहिजे, त्यात कसली अंधश्रद्धा? हे मान्य. दांड्याची लांबी, मुठीची जाडी, वजन कुठे साठलं आहे, यांचा खेळणाऱ्याच्या शरीराशी मेळ बसावा लागतो. बोईसरच्या मैदानांवर जितक्या बॅटी बदलल्या जातात, तितक्या वेळा कोणी मूठ जाड-बारीक करून बघत नाही, हेच नवल आहे. एक ग्रिप काढून टाकणं किंवा दुसरी चढवणं हे शंभर-दीडशे रुपयांचं काम. पण मापाचा मुद्दा सततच्या बदलीच्या बाजूनं जात नाही. माप एकदा घ्यायचं असतं, अंग वाढलं तर पुन्हा. सचिन तेंडुलकरची बॅट त्याच्या काळातल्या बहुतेकांपेक्षा जड होती. ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात बसली नसती. लहानपणापासून तो त्या वजनाला सरावला होता, मूठ खाली धरायची त्याची सवयही तेव्हाची. दुसऱ्या टोकाला डॉन ब्रॅडमन. त्यांची बॅट आजच्या मानानं काडीसारखी, आणि त्यांचा लहानपणीचा सराव तर बॅटनंही नव्हता. बोव्हरालच्या घरी पाण्याच्या टाकीच्या गोल विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू मारायचा आणि वेडावाकडा परतणारा तो चेंडू स्टंपनं फटकवायचा. जड आणि हलकी, दोन्ही टोकं महान ठरली. समान होता तो एकाच साधनाशी केलेला दीर्घ सहवास.

तिसरा आक्षेप मनाचा. नव्या बॅटनं आत्मविश्वास येतो, आत्मविश्वासानं धावा होतात, मग त्या लाकडामुळे झाल्या की मनामुळे याच्याशी काय देणंघेणं? याला प्रयोगाचाही आधार आहे. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना गोल्फचा पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा दांडा, देताना तो बेन कर्टिस या विजेत्या खेळाडूचा असल्याचं सांगितलं, इतरांना तोच पटर ते नाव न सांगता दिला. ज्यांना नाव सांगितलं होतं त्यांना भोक मोठं दिसलं आणि त्यांचे चेंडूही जास्त पडले. तेव्हा विश्वासाचा परिणाम खोटा नाही. पण त्याच प्रयोगाचा दुसरा अर्थही घ्यायला हवा. पटर एकच होता, फरक गोष्टीत होता. गोष्ट जुन्या बॅटीलाही जोडता येते, आणि ती फुकट असते. टायगर वूड्सनं त्याच्या पंधरा मोठ्या विजेतेपदांपैकी चौदा एकाच पटरवर जिंकली. २०१०च्या ब्रिटिश ओपनमध्ये त्यानं तो बाजूला ठेवून नवा धरला आणि स्पर्धा संपायच्या आत जुन्याकडे परतला. ‘माझी बॅट’ या शब्दांतला विश्वास वर्षानुवर्षं मुरतो. नव्या बॅटीचा विश्वास पहिल्या भोपळ्यालाच फुटतो. क्रिकेटवाले इथे ॲडम गिलख्रिस्टचं नाव घेतील. २००७च्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्यानं ग्लोव्हात स्क्वॉशचा चेंडू ठेवून १०४ चेंडूंत १४९ धावा केल्या. पण तो चेंडू बॅटीला काही करत नव्हता. खालच्या हाताची पकड ढिली राहावी म्हणून ती योजलेली युक्ती होती, प्रशिक्षकाबरोबर घोटलेली. दुरुस्ती हाताची होती, आणि तीच बॅटबदलीत राहून जाते.

उलट, सारखी बदली करण्याचं नुकसान मात्र मोजता येतं, आणि ते समजून घ्यायला बोईसरच्या वाचकांइतकी योग्य माणसं नाहीत. तारापूरची औद्योगिक वसाहत रसायनं, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांची. तिथल्या गुणवत्ता विभागात काम करणाऱ्याला नियंत्रण-आलेख ठाऊक असतो. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली तो मांडला. त्याचं सूत्र असं, की प्रत्येक प्रक्रियेत एक नैसर्गिक चढउतार असतो. मोजमाप त्या पट्ट्याच्या आत हललं तर यंत्राला हात लावू नका, पट्ट्याबाहेर गेलं तरच कारण शोधा. एडवर्ड्स डेमिंग यांनी याच्यापुढे जाऊन नरसाळ्याचा प्रयोग दाखवला. नरसाळ्यातून गोटी एका खुणेवर टाकायची. गोटी खुणेपासून जितकी दूर पडली तेवढं नरसाळं दर वेळी उलट बाजूला सरकवलं, तर नेम सुधारावा असं वाटतं. प्रत्यक्षात गोट्यांचा पसारा वाढतो, त्याचं संख्याशास्त्रीय माप दुप्पट होतं. काही न करणारा जिंकतो. सोमवार ते शनिवार हे तत्त्व पाळणारा माणूस रविवारी तीन डावांवर बॅट बदलतो, म्हणजे नरसाळं सरकवतो. वजन बदललं की फटक्याची वेळ बदलते. तिचा मेळ बसेपर्यंत चार सामने जातात. बसला म्हणेतो पुढची बॅट हातात. आणि सगळ्यांत मोठं नुकसान माहितीचं. आपण आखूड टप्प्यावर बाद होतो की यॉर्करवर, पहिल्या तीन चेंडूंत होतो की नंतर, डावखुऱ्या गोलंदाजासमोर पाय हलतो की नाही, हे कळायला साधन स्थिर असावं लागतं. दर महिन्याला बॅट बदलणाऱ्याला आपलं दुखणं कधीच सापडत नाही, कारण प्रत्येक वेळी आरोपी तयार असतो. २०१०च्या आयपीएलमध्ये मॅथ्यू हेडननं लांब दांड्याची, आखूड पात्याची मंगूस बॅट काढली आणि दिल्लीविरुद्ध ४३ चेंडूंत ९३ धावा ठोकल्या. क्रांती झाल्याचा गाजावाजा झाला. आज ती बॅट आठवायला प्रश्नमंजुषा लागते.

मग धावा कशानं वाढतात, याचं उदाहरण शोधायला पालघरबाहेर जावं लागत नाही. शार्दूल ठाकूर इथलाच. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरचा हा विद्यार्थी प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला, त्यांनी त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत नेलं, आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि तिथून हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारणारा मुलगा म्हणून तो मुंबईला कळला. डहाणूपर्यंत उपनगरी लोकल आली ती २०१३ साली. त्याआधी विरारच्या पुढे शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर भिस्त असायची, आणि त्या काळात पालघरहून मुंबईच्या मैदानांवर पोहोचायचं तर दिवस पहाटेच सुरू करावा लागे. जानेवारी २०२१मध्ये ब्रिस्बेनला त्यानं ६७ धावा केल्या आणि सात बळी घेतले. त्याच वर्षी ओव्हलवर ५७ आणि ६०. पुढच्याच दौऱ्यात जोहान्सबर्गला पहिल्या डावात सात बळी, पण फलंदाजीत ० आणि २८. ब्रिस्बेनच्या ६७चं श्रेय लाकडाला द्यायला पालघरमधला कोणीही तयार होणार नाही. मग जोहान्सबर्गच्या शून्याचा ठपका तरी लाकडावर कसा येईल? मोठ्या खेळाडूच्या बाबतीत हे आपल्याला चटकन कळतं. स्वतःच्या बाबतीत मात्र तीन डावांतच संयम सुटतो.

याला खेळाडूच जबाबदार आहेत असं म्हणून सुटका नाही. टेनिस क्रिकेटवाल्याच्या वाट्याला सामने भरपूर येतात, सराव जवळजवळ नसतो. आठवडाभर पाळी, रविवारी थेट स्पर्धा. बाद झाल्यावर काय चुकलं ते सांगणारा कोणी नाही, पुन्हा पन्नास चेंडू खेळून बघायला जाळी नाही. अशा माणसाला सुधारण्यासाठी जे एकच पाऊल उचलता येतं ते दुकानाकडे जातं, कारण तिथे पैसे टाकून लगेच काहीतरी हातात मिळतं. कारागीर आणि दुकानदारांनी धंदा करावा, त्यांच्याविषयी तक्रार नाही. तडकलेला दांडा, फुटलेला टो, उखडलेली कड असेल तर बॅट बदललीच पाहिजे. बाकी वेळा वहीत वीस डाव लिहून काढावेत, कोणत्या चेंडूवर कसे बाद झालो तेही त्याच्यापुढे, आणि मगच दुकानाची पायरी चढावी. आणि मालिकावीराला दुचाकी देणाऱ्या मंडळांना एक सुचवणं आहे. यंदाच्या बक्षिसाच्या रकमेतून थोडी बाजूला काढा, चार खांब आणि एक जाळी गावाच्या मैदानावर कायमची उभी करा, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे दिवा लावा.